जामीन कोण राहणार?

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह एका किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि पुढे इंग्रजांनी तुरुंग केलेला हा किल्ला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येते. त्यामुळे तिथल्या पेणकरपाडा या वस्तीतल्या एखाद्या पोरावर गुन्हा दाखल होऊन न्यायालयीन कोठडी मिळाली, की घरच्यांच्या फेऱ्या बहुधा याच दाराशी सुरू होतात. हमरस्त्यावर येऊन काशिमिरा नाका गाठायचा, घोडबंदर रस्त्याने गायमुखाचा घाट ओलांडून ठाण्यात उतरायचे, आधार कार्ड दाखवून मुलाखतीला नंबर लावायचा आणि जाळीपलीकडच्या माणसाशी ठरलेल्या वेळेत बोलून परत फिरायचे. एका मुलाखतीत त्या दिवसाची मजुरी बुडते.

त्याला जामीन मंजूर झाला की घरात पेढे वाटावेत असे वाटते. खरी अडचण तिथूनच सुरू होते. न्यायाधीशाने अमुक हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार अशी अट घातलेली असते. म्हणजे कुणीतरी न्यायालयात उभे राहून सांगायचे, की हा तारखेला हजर राहील, नाही राहिला तर ही रक्कम माझ्याकडून वसूल करा. त्या माणसाकडे रेशनकार्ड हवे, पगारपत्रक हवे, नाहीतर घरपट्टीची पावती, सातबारा किंवा तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, रोजंदारीवर कमावणाऱ्या कुटुंबाच्या ओळखीत असा माणूस सापडत नाही, आणि सापडला तरी तो तोंड चुकवतो. मग न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन बोगस कागदांवर जामीन राहणारे भेटतात, आणि एका गुन्ह्यातून सुटायला दुसरा गुन्हा करावा लागतो.

जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदाराअभावी आत राहिलेले कैदी ही देशभरची गोष्ट आहे. भारतातल्या तुरुंगांत जे लोक आहेत त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश न्यायबंदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी या प्रश्नावर सविस्तर निर्देश दिले. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि महिनाभरात हमीपत्र भरले गेले नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करायचा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. न्यायबंद्याला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष कैद्याला दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदत तीत सुरुवातीला ठेवली होती. कायद्याच्या अंगाने पाहिले तर बरेच काही झाले आहे. पण जामीनदार हा शेवटी एक जिवंत माणूस असतो, आणि तो शासननिर्णयाने तयार करता येत नाही.

कॅथलिक प्रापंचिकांच्या तुरुंगसेवेविषयी मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेला, संसारात राहणारा साधा ख्रिस्ती माणूस. तुरुंगसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातला फादर येतो. त्याचे काम मोठे आहेच. तो पापनिवेदन ऐकतो, मिस्सा करतो, नाताळात केक घेऊन जातो. पण तो राहतो ते घर चर्चचे असते, जमीन ट्रस्टची असते. त्याच्याकडे गाळा नसतो, कामगार नसतात, भाड्याने द्यायला खोली नसते. हे सगळे असते ते रविवारी बाकावर बसणाऱ्या लोकांकडे: बँकेतल्या कारकुनाकडे, फॅब्रिकेशनच्या मालकाकडे, कॅटरिंग करणाऱ्या बाईकडे, रिक्षा-टेम्पोवाल्याकडे. क्षमा धर्मगुरू देऊ शकतो. जामीन, खोली आणि काम प्रापंचिकाकडूनच यावे लागते.

ही कल्पना आजची नाही, आणि आपल्या किनाऱ्यालाही नवी नाही. १४९८ मध्ये लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या आश्रयाने ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचा बंधुसंघ सुरू झाला. तो प्रापंचिकांचा होता. सभासदांत उमराव आणि कारागीर असे दोन्ही वर्ग असत आणि पदाधिकारी दरवर्षी निवडले जात. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मेलेल्याला मूठमाती अशी दयेची कामे त्यांनी नियमावलीतच घालून घेतली होती, आणि त्यांत तुरुंगातल्या माणसाची भेट होती. मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्यांची पद्धत. कैद्यांसाठी वेगळे कारभारी नेमलेले असत. हे कारभारी गरीब कैद्यांना ठरल्या दिवशी जेवण नेत, आजाऱ्यांना औषध देत, त्यांचे खटले पुढे सरकावेत म्हणून न्यायालयात खेपा घालत आणि खर्च सोसत. त्या काळी तुरुंगात जेवण सरकार देत नसे. ज्याला घरून डबा येत नाही तो उपाशी मरे. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाबरोबर हे बंधू वधस्तंभापर्यंत चालत जात. फाशी गेलेल्यांची हाडे तशीच पडू दिली जात नसत. वर्षातून एकदा, सर्व संतांच्या सणाला, ती गोळा करून मिरवणुकीने नेऊन पुरली जात. ज्याला समाजाने टाकले त्याच्या हाडांनाही खांदा द्यायचा, हा त्यामागचा विचार.

पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे मिझेरिकॉर्दिया गेली. गोव्यात ती होती आणि वसईतही होती. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत खाडीच्या दोन्ही तीरांवरची गावे वसईच्या अंमलाखाली होती. उत्तन-डोंगरीचे धारावी बेट, घोडबंदर आणि आजचे मीरा-भाईंदर त्यातच आले. याच सत्तेने १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसवले आणि त्याच्या कोठड्यांत माणसे छळली, हे इथे सांगितलेच पाहिजे. एकाच धर्माच्या नावाने एक दार माणसाला कोंडायला बांधले गेले आणि त्याच काळी दुसऱ्या तुरुंगाच्या दाराशी कुणीतरी डबा घेऊन उभे राहत होते. मला या डबा घेऊन उभे राहणाऱ्यांच्या वारसांविषयी लिहायचे आहे.

हे वारस पुढे वेगवेगळ्या नावांनी दिसतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी सुरू केली. तिच्या सभासदांनी दोघादोघांनी गरिबाच्या घरी जायचे आणि पुन्हा पुन्हा जायचे. १९२१ मध्ये डब्लिनमध्ये फ्रँक डफ या सरकारी नोकराने लीजन ऑफ मेरी उभी केली. या दोन्ही संस्थांची मंडळे मुंबईच्या चर्चांत आजही आठवड्याला बसतात. डफने १९२७ मध्ये बेघर पुरुषांसाठी ‘मॉर्निंग स्टार’ हे वसतिगृह काढले. तिथे राहणाऱ्याने रोज थोडेसे का होईना पैसे भरायचे असा नियम होता, आणि लीजनचे काही सभासद पगार न घेता त्याच छपराखाली राहत. फुकट दिलेल्या आसऱ्यात माणूस पाहुणा राहतो. चार आणे भरले की तो भाडेकरू होतो आणि मान वर करून बोलतो. डफला हे कळले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला तो यानंतर कितीतरी वर्षांनी.

भारतात तुरुंगसेवेला देशव्यापी रूप आले ते १९८१ मध्ये केरळात सुरू झालेल्या ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’मुळे. वर्गीस करिपेरी आणि फ्रान्सिस कोडियन या दोन तरुणांनी, अजून धर्मगुरू व्हायचे होते तेव्हा, ती सुरू केली. आउश्वित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी स्वतः मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे तिचे आश्रयदाते संत. कोल्बे १४ ऑगस्ट १९४१ रोजी मारले गेले, आणि भारतातल्या कॅथलिक चर्चमध्ये ऑगस्टचा एक रविवार तुरुंगसेवेसाठी पाळला जातो. धर्मगुरू आणि धर्मभगिनींबरोबर प्रापंचिक स्वयंसेवक हा तिचा कणा आहे.

प्रापंचिक माणसे किती लांबवर जाऊ शकतात हे पाहायचे तर ब्राझीलला जावे लागते. १९७२ मध्ये साओ जोझे दोस कॅम्पोस या शहरात मारिओ ओत्तोबोनी नावाचे वकील आणि पत्रकार पंधराएक कॅथलिक प्रापंचिकांना घेऊन गावच्या तुरुंगात जाऊ लागले. सुरुवातीला त्यांना वाटले, प्रार्थना केली की माणसे बदलतील. लवकरच ध्यानात आले, की दुखणारा दात, तीन वर्षे न आलेली बायको आणि धूळ खात पडलेली खटल्याची फाइल यांच्यापुढे प्रार्थना ऐकूच जात नाही. मग त्यांनी एकेक धागा हाती घेतला: औषधपाणी, वकील, काम, कुटुंब. दोन वर्षांत या मंडळाला कायदेशीर रूप मिळाले, आणि पुढे त्यातून आपाक ही पद्धत तयार झाली. इटाउना या शहरात तिने गाठलेली पायरी ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. तिथे बंदूकधारी पहारेकरी नाहीत. दारांच्या किल्ल्या शिक्षा भोगणाऱ्यांच्याच हातात असतात.

या पद्धतीतली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. प्रत्येक कैद्याला एक स्वयंसेवक जोडपे मिळते. हे जोडपे त्याचे धर्मपिता-धर्ममाता असल्यासारखे वागते. बाप्तिस्म्याच्या वेळी जसे पाद्रिन-माद्रिन लेकराला हातावर घेतात, तसे हे नवराबायको एका खुन्याला किंवा दरोडेखोराला आपले म्हणतात. आतल्या बहुतेकांनी बापाचा फक्त पट्टा पाहिलेला असतो. एक पुरुष आणि एक बाई एकमेकांशी सरळ आवाजात बोलतात, मुलांच्या फीची चर्चा करतात, हेच त्यांच्यासाठी नवे शिक्षण. हे काम कितीही पवित्र असलेल्या एकट्या धर्मगुरूला जमणार नाही. त्यासाठी संसार लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जवळीक. आपाकचा कैदी शक्यतो त्याच्या घराजवळच्या केंद्रात ठेवतात. त्यामुळे कुटुंब येऊ शकते आणि ज्या गावात त्याला परत जायचे आहे त्याच गावातले स्वयंसेवक त्याला ओळखू लागतात. इथली माणसे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण इतर तुरुंगांपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे संस्था सांगते. स्वतःहून तिथे जायला तयार झालेल्यांची तुलना सरसकट सगळ्यांशी करणे बरोबर नाही, हेही खरे. पण किल्ली हातात असताना माणूस पळून जात नाही, याला आकडेवारीची गरज नाही. या कामाने बळीही घेतला. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी जाकारेई इथल्या तुरुंगात बंड झाले. मध्यस्थीला गेलेल्या फ्रान्झ दे कास्त्रो या तरुण वकिलाने ओलीस धरलेल्या पोलिसाच्या जागी स्वतःला पुढे केले, आणि गोळीबारात तो मेला.

मराठी वाचकाला उघड्या दाराचा तुरुंग नवा नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याने मांडलेली कल्पना राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी उचलून धरली. कैदी शेती करत, कुटुंबासह राहत. त्याच अनुभवावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही. सांगलीच्या माळावरची ती गोष्ट युरोपातल्या कॅथलिकांना आपल्याच घरची वाटली, याचे मला नवल वाटत नाही. फ्रीडमनही कुणी पुरोहित नव्हता.

क्षमेची एक गोष्ट आपल्या शेजारच्या इंदूरची आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांना बसमधून ओढून सुऱ्याने भोसकून मारण्यात आले. गरीब शेतमजुरांच्या बाजूने त्या उभ्या राहत होत्या, ते सावकार-जमीनदारांना खुपले होते. मारेकरी समंदर सिंगला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. केरळात जाऊन तो तिच्या आईबापांना भेटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये राणी मारियांना इंदूरमध्ये धन्यवादित घोषित केले गेले. ही कथा चर्चमध्ये प्रवचनांत नेहमी सांगतात, सांगावीच. पण तिच्यातली एक बाजू प्रवचनात येत नाही. समंदर सिंग सुटला तेव्हा त्याला परत जायला गाव होते, कसायला शेत होते. पेणकरपाड्यातून तुरुंगात गेलेल्या मुलाची खोली त्याच्या दुसऱ्या महिन्यातच रिकामी झालेली असते. भाडे थकले, सामान बहिणीकडे गेले, घरमालकाने डिपॉझिट वळते करून घेतले.

पाडा म्हणून सुरू झालेल्या या वस्तीत आता चाळी आणि इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. इथे खोली मिळते ती करारनाम्यावर आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्यावर. काम मिळते ते ओळखीवर, आणि जरा बरे काम असले तर मालक पोलिसांकडचा चारित्र्य दाखला मागतो. रखवालदाराची नोकरी, कुरिअरची पिशवी, शाळेच्या बसवरचे काम, सगळीकडे तो कागद आडवा येतो. जामिनाच्या अटीत पोलीस ठाण्याची हजेरी असेल तर ती भर दुपारी पडते आणि दुसऱ्याच आठवड्यात मालक विचारतो, रोज कुठे जातोस. शिवाय तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली सराईत ठरवलेल्या माणसाला दोन वर्षांपर्यंत आपल्या आणि लगतच्या जिल्ह्यांतून बाहेर काढता येते. म्हणजे आई मिरा रोडला आणि मुलगा आणखी कुठेतरी स्टेशनवर. अशा वेळी ओळखीचा एकच नंबर लागतो, आणि तो जुन्या साथीदाराचा असतो. तो मात्र खोलीही देतो, मोबाइलही देतो आणि काही विचारत नाही.

त्या साथीदाराशी ज्याला स्पर्धा करायची आहे, त्याने तितक्याच लवकर आणि तितक्याच थोड्या प्रश्नांनी मदत द्यायला हवी. पहिला आठवडा हातचा गेला तर पुढे जपमाळेचे मण्यामागून मणी ओढून उपयोग नाही. सुटणाऱ्याला घ्यायला दाराशी जाणे, झोपायला जागा, आधार कार्ड आणि बँकेचे खाते पुन्हा चालू करणे, दारूचे किंवा गर्दचे व्यसन असेल तर लगेच उपचार. या शेवटच्या बाबतीत मुंबईजवळ अनुभवी माणसे आहेत. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे, आणि व्यसनातून उठलेली माणसेच तिथे दुसऱ्यांना उठवतात. न्यायालयातल्या आणि तुरुंगातल्या कामाचा अनुभव टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाकडे आहे. १९९० मध्ये आर्थर रोड तुरुंगात सुरू झालेला हा प्रकल्प कोणत्याही धर्माचा नाही, आणि चर्चच्या मंडळांनी त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

एका गोष्टीबद्दल मला कडकच लिहायचे आहे. सुटून आलेल्या माणसाला दोन महिन्यांत माइकसमोर उभे करून त्याची साक्ष सांगायला लावू नये. प्रार्थनासभेत ‘मी इतके गुन्हे केले, मग प्रभूने मला हात दिला’ असे तो सांगतो, लोक रडतात, टाळ्या पडतात. त्या रात्री त्याला वाटते, आपण जिंकलो. पण मंडपात त्याच वस्तीतले लोक बसलेले असतात. त्यांत ज्याच्या घरी चोरी झाली तो असू शकतो, ज्याच्या भावाला त्याने मारले तो असू शकतो. त्यांना कुणी विचारलेले नसते. आणि पुढे कधी त्याचा पाय घसरला, तर ज्या हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी एकालाही तो तोंड दाखवू शकत नाही. मग तो चर्चची वाटच सोडतो. त्याची गोष्ट त्याची आहे. ती कधी सांगायची हे तो ठरवील, बहुधा आधी ज्याचे नुकसान केले त्याच्यापाशी, मग इतरांपाशी.

धर्मांतराच्या शंकेचेही असेच आहे. तुरुंगात जाणाऱ्या ख्रिस्ती मंडळीकडे अनेकदा त्या नजरेने पाहिले जाते. या शंकेला वाद घालून उत्तर मिळत नाही. ठाण्याच्या तुरुंगातले बहुसंख्य कैदी ख्रिस्ती नाहीत, आणि जामीनदाराची गरज सगळ्यांना सारखीच आहे. कागदावर सही करताना त्याची जात-धर्म विचारला नाही आणि सुटल्यावर चर्चला ये म्हणून सांगितले नाही, तर वस्तीला ते दिसते. येशूने शेवटच्या न्यायाची जी कथा सांगितली तिच्यातही कैद्याला भेटणाऱ्यांना एवढेच विचारले आहे, की भेटायला गेलात का. कैदी कोण होता, हे तिथे कुणी विचारत नाही.

सुरुवात करायची तर फार मोठी संस्था लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमते. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. निवड झाल्यावर प्रशिक्षण देतात. निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेला कारकून, गृहिणी, कुणीही अर्ज करू शकते. जामीन मंजूर होऊन न सुटलेल्यांची माहिती याच कार्यालयात येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायबंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही गंभीर गुन्हे वगळता त्याला सोडायचे आहे, आणि तो काळ पुरा झाला की तुरुंग अधीक्षकाने न्यायालयाला लिहायचे आहे. कुणाचा काळ केव्हा भरतो हे वही घेऊन बसून मोजावे लागते. अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, झालेले दिवस, असे चार रकाने. काशिमिरा किंवा मिरा रोडच्या चर्चमधल्या मंडळातले दोघे जण आठवड्यातून एक दिवस ठाण्याला जाऊन एवढे करू लागले, तर पहिल्या वहीत पेणकरपाड्याचा पत्ता असलेली नावे सापडायला वेळ लागणार नाही. त्यांच्या घरी जाऊन खोलीचे भाडे किती थकले आहे हे विचारण्याचे काम तिसऱ्याने करायचे.